लायसन्सवरचा परदेश

५ ऑक्टोबर, रविवार

सुरज निघाला ती सकाळ आज परत आठवली. जूनचा पहिला आठवडा होता. त्याची बॅग उंबऱ्याशी ठेवलेली. मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी उचलली, चिमूटभर भंडारा त्याच्या उजव्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, खंडोबाची आण घे. मी, तुझा आप्पा, स्वतः सांगेपर्यंत नोकरी कुठं आहे हे कुणाला सांगणार नाही म्हण. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं, मग म्हणालं. त्यानंतर बायकोच्या, दैवशालाच्या हातावर ठेवला. मग सूनबाईच्या, मोनिकाच्या. तिच्या हातावरची लग्नाची मेंदी अजून गेली नव्हती. आईला दिला नाही. तिला ऐकू कमी येतं.

भंडारा उचलायला लावणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही धनगर माणसं. खंडोबाची आण मोडली तर सात पिढ्या भोगतात असं हरिबा, म्हणजे आमचे वडील, सांगायचे. म्हणून विचार करूनच केलं.

यात फसवणूक कुठंच नाही हे इथं नोंदवून ठेवतो. सुरज आयटीआय झाला, फिटर आहे. त्याला निल्सबर्ग नावाच्या बियर कंपनीत नोकरी लागली. कंपनी डेन्मार्कची. मी डेअरीवर लोकांचं सकाळचं दूध मोजून घेताना एवढंच बोललो की पोरगं डेन्मार्कच्या कंपनीत लागलं. आण्णासाहेब तिथं होते. त्यांनी पुढं सांगताना ‘कंपनी’ हा शब्द गाळला. आण्णासाहेबांनी गाळलेला शब्द गावात परत कोण घालणार? दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. सुरजचा फोटो, मागं विमान, ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’. मारुतीच्या देवळात सत्कार ठरला. सत्काराच्या आदल्या दिवशी सुरज म्हणाला, आप्पा, प्लांट संभाजीनगरजवळ एमआयडीसीत आहे. तोवर सत्काराची शाल आणून झाली होती.

दसरा झाला. दिवाळीपर्यंत सगळ्यांना नीट सांगून टाकायचं. ठरलं.

९ ऑक्टोबर

नळदुर्गला गेलो होतो. पशुखाद्याचं काम होतं. ते झाल्यावर हायवेवरच्या बारमध्ये गेलो. जन्मात पहिल्यांदा. हेतू एवढाच की मुलाच्या हाताखालून गेलेली वस्तू एकदा डोळ्यांनी बघावी.

काउंटरवरच्या माणसानं माझ्या टोपीकडं बघितलं आणि आधी पाण्याची बाटली पुढं केली. मी निल्सबर्ग मागितली. हिरवी बाटली, घाम सुटलेली. मी ती कपाळाला लावली. तो आतल्या पोऱ्याला म्हणाला, “बग रं, बाटलीला पाया पडनारं गिऱ्हाईक बग.” मी राग मानला नाही.

मागं बारीक इंग्रजी अक्षरं होती. त्यालाच वाचायला लावलं. तो म्हणाला, “लायसन्सवर भारतात बनवलेली. म्हंजे मामा, फार्मुला तेंचा, पानी आपलं.”

घरापर्यंत बसमध्ये याच वाक्यावर विचार करत आलो. फॉर्म्युला त्यांचा. नियम त्यांचे. नाव त्यांचं. मग आत काम करणारा माणूस कुठं आहे म्हणायचा? भिंतीवरून देश ठरतो का? पुष्कळ अंशी सुरज परदेशातच आहे. आधी लक्षात आलं नाही म्हणून उगाच मनाला लावून घेतलं.

बाटली देव्हाऱ्यात ठेवली होती. पहिल्या पगाराचे पेढे ठेवतो तशीच. दैवशालानं पदरानं धरून बाहेर काढली आणि म्हणाली, “अवो, खंडोबाला बियर दावायलाव व्हय?” आता टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. सणासुदीत लोकांचा आनंद घालवणं बरं नाही, म्हणून सांगितलं नाही. तुळशीचं लग्न होऊ दे.

मोनिका पाडव्याला माहेरी ढोकीला गेली होती, आज आली. पिशवीत पैठणच्या नाथांचा प्रसाद होता. ढोकीहून पैठण बरंच लांब आहे. संभाजीनगरहून जवळ. माहेरची माणसं भाविक असतील. मी विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगते, अशी मुलगी आहे.

चेहरा मात्र टवटवीत होता. माहेर मानवतं पोरींना.

१६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं. पण आता खंडोबाचं नवरात्र तोंडावर. शुभ दिवसांत कटू विषय काढू नये.

दुपारी घरात कुणी नव्हतं. शोकेसमधली बाटली उघडली. नशेसाठी नव्हे. माळकरी नसलो तरी दारूला हात लावलेला नाही. एका घोटापुरती, मुलाचे कष्ट कसे लागतात ते कळावं म्हणून. कडू. कोमटही होती. कष्ट कडूच असणार. उरलेली संपवली, कारण अन्न टाकू नये. नंतर संध्याकाळच्या दुधाचं फॅट सगळ्यांना अर्धा पॉइंट जादा लागलं. मशीन तपासून घ्यायला पाहिजे.

रिकाम्या बाटलीत पाणी भरून बूच दाबून परत जागेवर ठेवली.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

अणदूरला जाऊन आलो. यळकोट यळकोट म्हणताना घसा बसला. आता थोड्या दिवसांत देव नळदुर्गला जाईल.

बाहेरच्याला हे सांगावं लागतं, आम्हाला नाही. देव एकच, मूर्ती एकच, गावं दोन. वर्षातले बरेच महिने अणदूरला, थोडे नळदुर्गला. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, आणि कराराप्रमाणे देव जातो-येतो. मंडपात बसल्या बसल्या अंगावर काटा आला. हेच तर लायसन्स! नळदुर्गच्या देवाला कुणी डुप्लिकेट म्हणतं का? जिथं करार तिथं देव. मग एमआयडीसीतली बियर डेन्मार्कची का नव्हे, आणि ती बनवणारा सुरज डेन्मार्कमध्ये का नव्हे?

हे मला देवानंच सुचवलं. घरी येऊन दैवशालाला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “देव जातू तवा वाजत-गाजत जातू. करार वाचून दावत्यात समद्यास्नी. तुमच्यासारकं झाकून न्हाय.”

बायकांना तत्त्वाचं बोलणं पटकन कळत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस मोठा. सविस्तर लिहितो.

आण्णासाहेबांचा मुलगा रणधीर पुण्याहून आला आहे. सकाळी डेअरीवर आला, हातात निल्सबर्गची रिकामी बाटली. चाळीसेक माणूस रांगेत. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “काका, ही तुमच्या सुरजची बियर ना? मागं वाचा की. मेड इन इंडिया, महाराष्ट्र. म्हणजे सुरज डेन्मार्कला जाऊन काय करतो, तिथली थंडी मोजतो?” लोक हसले.

खरं सांगायची ही वेळ होती हे मला कळत होतं. तोंड उघडलंही. पण रणधीरच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून वेगळंच बाहेर पडलं.

मी म्हटलं, रणधीरबाबा, तुमच्या घरी दही कसं लावतात? म्हणाला, दूध घेतात, विरजण घालतात. मी म्हटलं, दूध कुणाचं? म्हणाला, आमच्या म्हशीचं. आणि शेजारणीकडून विरजण आणलं तर दह्याची चव कुणाची? रांगेतून कुणीतरी म्हणालं, विरजनाची! मी म्हटलं, हां. पाणी आपलं, बाटली आपली, कामगार आपले. विरजण डेन्मार्कचं. ते इथं तयारच होत नाही. ते तिकडून बर्फात घालून विमानानं येतं. आमचा सुरज त्या विरजणावर आहे.

मग अणदूर-नळदुर्गचा दाखला दिला. तेव्हा तर म्हातारी माणसं हात जोडून ऐकत होती. आण्णासाहेब म्हणाले, “रण्या, शिकून शाना झालास, पर ह्यो धनाजी बग, सातवी शिकलेला मानूस.” मी दहावी आहे, पण दुरुस्ती केली नाही.

रणधीर म्हणाला, “काका, मानलं तुम्हाला.” बाटली टाकून गेला. इतकी माणसं इतकी गप्प माझं बोलणं ऐकत होती, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरं वाटायला मंत्री आले होते, तेव्हाही नाही.

अडचण एवढीच की आई संध्याकाळी देवळात बायकांना म्हणाली, “नातू औरंगाबादला हाय माजा.” बायका म्हणाल्या, सिताबाईला आता डेनमार कुठं कळायचं, वय झालं. तिनं दोनदा सांगितलं म्हणे. कुणी मनावर घेतलं नाही. बरं झालं.

१९ डिसेंबर

मोनिकाला दिवस गेलेत. दैवशालानं सांगितलं. मी देवापुढं साखर ठेवली. नातू! सुरजचा फोन आला, बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, “आप्पा, आता तरी सांगा. मी येतो की सुट्टीला. किती दिवस पोरीनं माहेराचं नाव करून यायचं इकडं?”

मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे.

२२ डिसेंबर

आरोग्य केंद्राची आशाताई, आपली उमाबाई, मोनिकाचं नाव नोंदवायला आली होती. मी ओसरीवर नासलेल्या दुधाचे कॅन मोजत बसलो होतो. तिनं मोनिकाला विचारलं, पाळी कधीची? मोनिकानं सांगितलं. उमाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, “नवरा कुठं असतू म्हनलीस?”

मोनिकानं माझ्याकडं बघितलं. मी कॅनकडं बघितलं.

“डेन्मार्कला,” ती म्हणाली.

उमाबाईनं पेन थांबवलं. “जूनमदी गेलाय न्हाय का गं? आमीच ववाळलं की चौकात.” मोनिका म्हणाली, व्हय. उमाबाईनं वही मिटली, चहा न घेता गेली. तिला पुष्कळ घरं फिरायची असतात.

३० डिसेंबर

हल्ली मी डेअरीवर गेलो की बोलणारे गप्प होतात. विरजणाच्या दिवसापासून मान वाढला आहे. माणूस मोठा झाला की लोक त्याच्यासमोर जपून बोलतात.

दैवशाला म्हणाली, मान न्हाय तो. नळावर बायका काय बोलायल्यात ते ऐकून या एकदा. त्या म्हणतात, दादला विमानात आन पोटूशी गावात. कुणी दूधवाल्याचं नाव घेतं, कुणी आमच्या शेतात येणाऱ्या गड्याचं. एकीनं तर मोनिकाला तोंडावर विचारलं म्हणे, “डेनमारहून पार्सल आलं काय गं?”

मी ताबडतोब ठरवलं. उगाच सैरभैर होऊन नाही, देवासमोर. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा. तिथं गावची सगळी माणसं असतात. भंडारा उधळायच्या आधी उभा राहून मोठ्यानं सांगायचं. माणसानं खरं सांगावं तर अशा जागी.

३ जानेवारी, पौष पौर्णिमा

नळदुर्गला फार गर्दी होती. सांगितलेलं कुणाला ऐकू आलं नसतं. हलगी, ढोल, यळकोट. आण्णासाहेब शेजारीच होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, आण्णासाहेब, सुरजचं एक सांगायचंय. ते म्हणाले, “कळतंय मला धनाजी. काळीज घट कर. देव बगतू समदं.” आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला.

त्यांना काय कळतंय हे मी विचारलं नाही.

१० जानेवारी

एक मधला मार्ग सुचला. दिवाळीत सुरज डेन्मार्कहून चार दिवस सुट्टीवर आला होता, ढोकीला सासुरवाडीत उतरून तिथूनच परत गेला, असं सांगायचं. यानं मोनिकावरचा बोल जातो आणि कुणाची फजिती होत नाही. खोटंही फारसं नाही. सुट्टी खरी, दिवाळी खरी, नवरा-बायको भेटले हे खरं. फक्त ठिकाण.

संध्याकाळी डेअरीवर सहज बोलता बोलता सांगून टाकलं. आण्णासाहेब म्हणाले, “चार दिसासाठी विमानानं आला आन आजीला न भेटता गेला?” मी म्हटलं, घाई होती. नेमकी आई काठी टेकत देवळातून येत होती. कुणीतरी तिच्या कानात ओरडलं, सुरज दिवाळीत आलता का आज्जे? आई म्हणाली, “कुटला आलाय! जून म्हैन्यापासून तोंड न्हाय बगितलं म्या तेचं.”

म्हातारीला वेड लागलं म्हणणारी हीच माणसं. आज सगळ्यांनी तिचं खरं धरलं.

१४ जानेवारी, संक्रांत

मोनिकाची लग्नानंतरची पहिली संक्रांत. दैवशालानं काळी साडी आणली, उमरग्याहून हलव्याचे दागिने. मंगळसूत्र, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र साखरेचं. पोरगी चित्रासारखी दिसत होती. ओसरीवर पाट मांडला. सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गाजर. ताटभर तिळगूळ. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. गल्लीतल्या सगळ्या घरांना दैवशाला स्वतः आमंत्रण देऊन आली होती.

चार वाजता मोनिका पाटावर बसली. मी आत बसलो होतो, पुरुषमाणसानं तिथं कशाला जायचं. पण खिडकी ओसरीकडंच आहे.

शेजारच्या घरात बायकांचा आवाज येत होता. आमच्या दारावरून तीन-चार गेल्या. एक थांबली, दुसरीनं तिचा हात ओढला. उमाबाईची मुलगी समृद्धी, मोनिकाच्याच वयाची, लग्नात करवली म्हणून मागं उभी होती ती. ती फाटकापर्यंत आली, तिळगूळ फाटकावरच ठेवला आणि गेली. गोड बोला म्हणाली नाही.

सहा वाजले. हलवा घामानं विरघळून मोनिकाच्या गळ्याला चिकटायला लागला होता. ती हलली नाही. दैवशाला दाराला टेकून उभी.

मग आई उठली. आमची आई, विधवा, तीस वर्षं कपाळ मोकळं. काठी टाकून पाटासमोर येऊन बसली आणि ओरडून म्हणाली, “वाटी दी मला. म्या घेते वान.” दैवशाला म्हणाली, आत्याबाई, तुमाला कसं... आई म्हणाली, “मला कुनी बोलावत न्हाय, तीस सालं झाली. हिला आजपासून. आमी दोगी सारक्या.”

मोनिकानं वाटी दिली. हात जोडले. मग रडली.

मी खिडकी लावून घेतली. वारा होता.

१५ जानेवारी

सकाळी सुरजचा फोन. मोनिकानं काही सांगितलं नव्हतं, दैवशालानं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. नाही दिल्या. म्हणाला, “आप्पा, मी आज गाडीत बसून येऊ शकतो. चौकात उभा राहून आयकार्ड दाखवू शकतो. पण तुम्ही माझ्या हातावर भंडारा ठेवलाय. आन मी बोललो तर तुम्ही खोटे पडता. मला ते नको. तुमच्या तोंडानं सांगा. तुम्ही सांगा, मी येतो.”

मी म्हटलं, येत्या आठवड्यात बघू.

तो म्हणाला, “बाटल्या धुवायच्या मशीनवर आहे मी, आप्पा. विरजण मी अजून बघितलं पण न्हाय.”

त्यानं फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ कानाला लावून बसलो.

१६ जानेवारी

मोनिका चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही. म्हणाली, “आप्पा, एक विचारू? मी काय केलंय?”

मी म्हटलं, तू काही केलं नाहीस पोरी.

म्हणाली, “मग मला का बोलत्यात?”

मी तिला लायसन्सचं समजावून सांगायला सुरुवात केली. कराराचं, अणदूरचं, नळदुर्गचं. ती खाली मान घालून ऐकत होती. मध्येच माझंच बोलणं मला ऐकू यायला लागलं आणि मी थांबलो. तिनं कप उचलला. चहा मी घेतलाच नव्हता.

परवा रविवार. सगळे असतात. परवा सांगायचं. यात कसलाही मुहूर्त बघायचा नाही.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं.

सकाळी साडेसहाला. थंडी होती, रांग लांब होती. आण्णासाहेब होते, रणधीर होता, उमाबाई दूध घेऊन आली होती. मी पहिला कॅन घ्यायच्या आधी स्टुलावर उभा राहिलो. म्हटलं, ऐका. माझा सुरज डेन्मार्कला नाही. कधी गेलाच नव्हता. संभाजीनगरला एमआयडीसीत कामाला आहे, बाटल्या धुवायच्या मशीनवर. मला सत्काराच्या आदल्या दिवसापासून माहीत आहे. मोनिका त्याच्याकडं जाऊन येत होती, माहेरी जाते असं सांगून. माझ्यामुळं तिला तसं सांगावं लागलं. घरातल्या सगळ्यांना भंडारा उचलायला लावला होता. तिच्या पोटातलं मूल सुरजचं आहे. चूक माझी आहे.

कुणाच्या तरी कॅनचं झाकण तेवढं वाजलं.

मग आण्णासाहेब पुढं आले. मला स्टुलावरून हात धरून उतरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “धनाजी, लई मोटं काळीज हाय तुजं.”

मी म्हटलं, आण्णासाहेब, खरं सांगतोय.

“व्हय व्हय. खरंच हाय,” ते म्हणाले. आणि मागं वळून सगळ्यांना, “बगा, ह्याला म्हंतात सासरा. सुनंची अब्रू झाकायला सोताच्या डेनमारच्या पोराला बाटल्या धुवायला लावलं. कोन करतं आजकाल?”

उमाबाई पदरानं डोळे पुसत होती. रणधीर मला म्हणाला, “काका, विरजणाचं तुम्ही एवढं समजावून सांगितलं होतं. मला सगळं कळलं होतं तेव्हा.” मी म्हटलं, ते मी बनवून सांगितलं. तो म्हणाला, “असू दे काका. आम्ही काही विचारणार नाही.”

मी मोबाईल काढला, सुरजचा प्लांटच्या गेटपुढचा फोटो दाखवला. मागं मराठीत पाटी आहे. एकजण म्हणाला, आता मोबाईलवर पोरं चंद्रावर बी उभी ऱ्हात्यात. त्याला दोघांनी गप्प केलं, आप्पाला दुखवू नको म्हणून.

मी म्हटलं, सुरज येतोय, त्यालाच विचारा. आण्णासाहेब म्हणाले, “न्हाय विचारनार. त्यो एवढं सोडून येतूय, तेचं बी उपकार. गावात कोन काय बोललं तर माज्याशी गाठ हाय. आमी असंच धरून चालू.” माझ्या खांद्यावर थोपटलं. माणसांनी एक एक करून दूध ओतलं आणि जाताना प्रत्येकानं मला नमस्कार केला. कुणी फॅट विचारलं नाही.

घरी आलो. मोनिका फाटकात उभी होती. “सांगितलं, आप्पा?”

“सांगितलं.”

“समद्यांसमोर?”

“समद्यांसमोर.”

“काय म्हनले?”

मी म्हटलं, गप्प ऐकत होते. कुणी काही वाईट बोललं नाही. ह्यातला शब्द खोटा नाही.

तिनं तिथंच फोन लावला. “या तुमी. आजच निघा. आप्पांनी सांगितलं समदं.” किती दिवसांनी तिचा आवाज इतका मोकळा ऐकला. आत दैवशालानं कढई चढवली, सुरजला आवडतात म्हणून शेंगाच्या पोळ्या करणार आहे. आईला कानात सांगितलं तर म्हणाली, “म्या तर कवाच सांगितलं व्हतं.”

मी हातपाय धुऊन देवापुढं बसलो. काही मागावं असं सुचेना. ठरवलं होतं ते केलं, एवढंच देवाला सांगितलं.